चार ओहमचे स्पीकर, ८० वॉटचा रिसीव्हर आणि उरलेलं थोडं बजेट

वाचकाचं पत्र

बरीच वर्षं पैसे साठवून मी मनासारखे फ्लोअरस्टँडर स्पीकर घेतले. वापरलेले, पण उत्तम स्थितीतले. थ्री-वे आहेत. माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला मिळणारा आवाज, ८६ डेसिबल (२.८३ व्होल्ट, १ मीटर), नॉमिनल इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा सर्वसाधारण विरोध, ४ ओहम, किमान २.९ ओहम असं दिलंय. सध्या ते जुन्या एव्ही रिसीव्हरवर चालतात. त्यावर ‘दर चॅनेलला ८० वॉट, ८ ओहम’ असं लिहिलंय. एकट्या गायकाचं गाणं किंवा पियानो ऐकताना आनंद होतो. पण पूर्ण ऑर्केस्ट्रा चढायला लागला की आवाज कर्कश होतो, रिसीव्हर भट्टीसारखा तापतो, आणि आतापर्यंत दोनदा मध्येच बंद पडलाय. खोली साधारण ५ मीटर बाय ४ मीटर, बसायची जागा स्पीकरपासून ३ मीटरवर.

विक्रेते म्हणतात, २०० वॉटच्या खाली बघूच नका. एक मित्र १२ वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प सुचवतो. तिसरे एक जाणकार म्हणतात, जेवढे पैसे स्पीकरला तेवढेच अ‍ॅम्पला लागतात. नसतील तर स्पीकर विकून लहान घ्या. माझ्याकडे स्पीकरच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याएवढे पैसे उरलेत. एवढे महाग स्पीकर घेण्यात माझी चूक झाली का?

उत्तर

स्पीकर विकू नका. तुम्ही पैसे योग्य ठिकाणी घातलेत, आणि उरलेल्या पाचव्या हिश्श्यात या स्पीकरना शोभेल असा अ‍ॅम्प बसू शकतो. मात्र तो शोधताना तिघांनी तुम्हाला जे निकष दिलेत ते बाजूला ठेवावे लागतील.

आधी एक तातडीची गोष्ट. नवा अ‍ॅम्प येईपर्यंत आवाज कर्कश होईल इथपर्यंत रिसीव्हर नेऊ नका. तो कर्कशपणा म्हणजे क्लिपिंग. अ‍ॅम्पकडे द्यायला व्होल्टेज उरलेलं नसतं आणि संगीताच्या लाटांचे माथे कापले जातात. कापलेल्या लाटेत वरच्या फ्रीक्वेन्सींची भर पडते, शिवाय तुम्ही आवाज आणखी वाढवता तेव्हा माथे तिथेच अडकतात आणि बाकीचं सगळं वर येतं. दोन्हीचा भार वरचे सूर वाजवणाऱ्या नाजूक ट्वीटरवर पडतो. ‘कमी वॉटचा अ‍ॅम्प स्पीकर जाळतो’ असं जे म्हणतात त्यात एवढंच खरं आहे. कमी वॉटने काही होत नाही. कमी वॉटचा अ‍ॅम्प ताणून वाजवला तर होतं.

आता तुमच्या पत्रातलं खरं कोडं. ८० वॉटचा रिसीव्हर, घरातली मध्यम आकाराची खोली, तरीही तो बंद का पडतो? थोडं गणित करू.

सेन्सिटिव्हिटीच्या आकड्याशेजारी ‘२.८३ व्होल्ट’ लिहिलंय ते नीट वाचा. २.८३ व्होल्ट ८ ओहमच्या स्पीकरला दिले तर बरोबर १ वॉट होतो. तुमच्या ४ ओहमच्या स्पीकरला तेच व्होल्ट दिले तर २ वॉट लागतात. म्हणजे ८६ डेसिबल हा आकडा २ वॉटचा आहे. १ वॉटला तुमचा स्पीकर ८३ डेसिबलच देतो. कोणी फसवलेलं नाही, व्होल्टेजवर मोजायची ही रूढ पद्धत आहे. पण दोन स्पीकरची तुलना करताना हे लक्षात घेतलं नाही तर ४ ओहमचा स्पीकर आहे त्यापेक्षा ३ डेसिबल ‘सोपा’ वाटतो.

तुम्ही ३ मीटरवर बसता. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतरावर साडेनऊ डेसिबल कमी झाले असते, पण खोलीच्या भिंती थोडा आवाज परत देतात, म्हणून ६ डेसिबलची घट धरू. स्पीकर दोन आहेत, त्याचे ३ डेसिबल परत मिळवू. तेव्हा प्रत्येक स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की तुमच्या खुर्चीपाशी साधारण ८३ डेसिबल पोहोचतात. हा आवाज चांगला मोठा आहे. रोजचं ऐकणं बहुधा सरासरी ७५ डेसिबलच्या आसपास असेल, आणि त्यासाठी दर स्पीकरला अर्धा वॉटही लागत नाही. गाणं आणि पियानो छान वाटतात ते यामुळेच.

ऑर्केस्ट्राची गोष्ट वेगळी. त्याची सरासरी आणि शिखर यांत २० डेसिबलचं अंतर असू शकतं. सरासरी ८० डेसिबलला ऐकत असाल तर क्षणभराची शिखरं १०० डेसिबलला जातात. ८३ वरून १०० म्हणजे १७ डेसिबल, म्हणजे पॉवर पन्नास पट. २ वॉटचे झाले १०० वॉट. व्होल्टेज साधारण सात पट वाढून २० व्होल्टवर जातं.

इथे थांबून तुमच्या रिसीव्हरकडे पाहा. ८ ओहममध्ये ८० वॉट देणारा अ‍ॅम्प २५ व्होल्ट देऊ शकतो. तुम्हाला हवेत २०. व्होल्टेज पुरेसं आहे! अडचण करंटची आहे. २० व्होल्टला ८ ओहमचा स्पीकर अडीच अँपिअर घेतो, ४ ओहमचा ५ घेतो, आणि तुमच्या स्पीकरचं इम्पीडन्स जिथे २.९ ओहमवर येतं तिथे जवळपास ७ अँपिअर लागतात. हे आरएमएस, म्हणजे परिणामी सरासरी; लाटेच्या माथ्यावर १० अँपिअरच्या घरात. गच्चीवरची टाकी कितीही उंच असली तरी खाली येणारा पाइप बारीक असेल तर दोन नळ एकदम उघडल्यावर धार मरते, तसं तुमच्या रिसीव्हरचं होतं. एव्ही रिसीव्हरमध्ये पाच किंवा सात चॅनेल एकाच ट्रान्सफॉर्मरवर आणि एकाच बेताच्या हीटसिंकवर चालतात. करंटची मागणी वाढली की आतलं सप्लाय व्होल्टेज खाली बसतं, म्हणून २५ व्होल्टच्या कितीतरी आधी क्लिपिंग सुरू होतं. त्याच आवाजाला करंट दुप्पट म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरमधली उष्णताही दुप्पट. शेवटी प्रोटेक्शन सर्किट स्वतःला वाचवण्यासाठी बंद करतं. रिसीव्हर खराब नाही. त्याच्याकडून जे काम घेतलं जातंय त्यासाठी तो बनलेला नाही, एवढंच.

म्हणून विक्रेत्यांचा २०० वॉटचा आग्रह मला पटत नाही. आपल्या हिशेबात तुम्हाला ८ ओहमच्या भाषेत फक्त ५० वॉट एवढं व्होल्टेज लागतंय. थोडी मोकळीक म्हणून ६० ते १०० वॉट धरा. १०० वरून २०० वॉटला गेलात तर मिळतात फक्त ३ डेसिबल, कानाला ‘थोडं मोठं’ वाटेल एवढे. आवाज दुप्पट वाटायला पॉवर दहापट लागते. त्या ३ डेसिबलसाठी बजेट फोडण्यापेक्षा तेच पैसे अशा १०० वॉटमध्ये घाला, जे ४ ओहमला १८०-२०० वॉट होतात आणि २ ओहमलाही माघार घेत नाहीत.

माहितीपत्रकातला मला सर्वांत जास्त सांगणारा भाग हाच. ८ ओहम, ४ ओहम आणि असल्यास २ ओहमचे आकडे शेजारी ठेवा. आदर्श अ‍ॅम्पमध्ये प्रत्येक पायरीला वॉट दुप्पट होतात. ८० चे १५० होत असतील तर पॉवर सप्लाय भक्कम आहे. ८० चे १०० होत असतील तर पाइप बारीक आहे. ४ ओहमचा आकडाच नसेल, किंवा मागे ‘६ ते १६ ओहम’ असं छापलं असेल, तर तो अ‍ॅम्प तुमच्यासाठी नाही, मग त्याचं नाव कितीही मोठं असो.

वॉटच्या आकड्यामागच्या अटीही वाचा. ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनेल चालू, ०.१ टक्क्यापेक्षा कमी डिस्टॉर्शन’ असं लिहिलं असेल तर आकडा विश्वासाचा. ‘१ किलोहर्ट्झ, एक चॅनेल, ६ ओहम, १० टक्के डिस्टॉर्शन’ असं असेल तर तो आकडा जवळपास अर्धा धरून चला. ही फुगवाफुगवी जुनी आहे. अमेरिकेत तर १९७४ मध्ये घरगुती अ‍ॅम्पचे वॉट कसे सांगायचे याचा सरकारी नियमच करावा लागला. पीएमपीओ नावाचा (क्षणभराच्या शिखराचा, फुगवलेला) आकडा दिसला तर पुढे वाचायचीही गरज नाही.

आता स्पीकरच्या बाजूने. ‘४ ओहम’ हा एकच आकडा नसतो, तो एका वक्ररेषेचा सारांश असतो. स्पीकरचं इम्पीडन्स प्रत्येक फ्रीक्वेन्सीला बदलतं. खर्जात वूफरच्या (खर्ज वाजवणाऱ्या भागाच्या) रेझोनन्सपाशी ते २०-३० ओहमवर चढतं आणि जरा पुढे तळाला जातं. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किमान इम्पीडन्स नॉमिनलच्या ८० टक्क्यांखाली जायला नको. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरने ३.२ च्या खाली उतरू नये. तुमचा २.९ वर उतरतो, तेव्हा काटेकोर हिशेबाने तो ४ ओहमहून कठीण आहे. यात तो एकटा नाही. बोवर्स अँड विल्किन्सच्या ८०२ डी३ या नामांकित स्पीकरच्या माहितीपत्रकात ८ ओहम आणि कंसात किमान ३ ओहम असं कंपनीनेच छापलंय. कंसातला आकडा वाचणारे थोडेच.

तळ कुठे आहे हेही पाहायला हवं. तो ८० ते १५० हर्ट्झच्या पट्ट्यात असेल तर ऑर्केस्ट्राचे डबल बास, चेलो आणि टिंपनी नेमके तिथेच जोर लावतात. तोच तळ १० किलोहर्ट्झला असेल तर फारसं बिघडत नाही, कारण तिथे संगीताची ऊर्जा मुळात कमी असते. दुसरी गोष्ट फेज अँगलची, म्हणजे करंट व्होल्टेजच्या किती पुढे-मागे चालतो याची. इम्पीडन्स कमी असताना फेजही उणे ४०-४५ अंशांवर असेल, तर व्होल्टेज आणि करंट एका तालात राहत नाहीत आणि ट्रान्झिस्टरना एकाच वेळी जास्त व्होल्टेज आणि जास्त करंट सोसावा लागतो. अशा वेळी ४ ओहमचा स्पीकर अ‍ॅम्पला २ ओहम किंवा त्याहून कमी भासू शकतो. तुमच्या मॉडेलच्या जुन्या परीक्षणांत इम्पीडन्स आणि फेजचा आलेख सापडण्याची बरीच शक्यता आहे. मासिकांच्या प्रयोगशाळेत मोजलेला असेल तर उत्तम. अ‍ॅम्पची दहा परीक्षणं वाचण्याआधी हा एक आलेख मिळवा.

स्पीकरनुसार मागणी किती बदलते ते पाहण्यासारखं आहे. बीबीसीचा प्रसिद्ध एलएस३/५ए हा छोटा स्पीकर मूळ रूपात १५ ओहमचा आणि सेन्सिटिव्हिटी जेमतेम ८२-८३ डेसिबल. त्याला व्होल्टेज हवं, करंट अगदी थोडा. मॅग्नेपॅनचे सपाट पॅनेल स्पीकर ४ ओहमचे, पण त्यांचं इम्पीडन्स बहुतांशी सरळ रेषेत. भूक मोठी असली तरी स्वभाव सरळ. १९८० च्या दशकातला अपोजी सिंटिला हा रिबन स्पीकर १ ओहमवर चालवता येई, आणि भल्याभल्या अ‍ॅम्पनी त्याच्यापुढे हात टेकले. उलट टोकाला क्लिप्शहॉर्न, १०५ डेसिबलच्या रेटिंगचा. त्याला घरात २-४ वॉट भरपूर होतात. यापैकी कुठल्याही स्पीकरसाठी दिलेला सल्ला दुसऱ्याला लागू नाही. तुमच्या मित्राचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प त्याच्या घरी उत्तम वाजत असेल याबद्दल मला शंका नाही. त्याचे स्पीकर कोणते, एवढं विचारा.

तुमच्याकडे तो का जमणार नाही याची दोन कारणं. १२ वॉटला तुमच्या खुर्चीपाशी शिखर ९० डेसिबलच्या जरासं वर संपतं. ऑर्केस्ट्रासाठी ते अपुरं आहे. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. फीडबॅक (आउटपुट इनपुटशी ताडून चूक सुधारण्याची सोय) नसलेल्या किंवा अगदी थोडा असलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचं आउटपुट इम्पीडन्स २ ओहमच्या आसपास असू शकतं. स्पीकर जिथे २० ओहमचा आहे तिथे या २ ओहमने एक डेसिबलही जात नाही. जिथे २.९ चा आहे तिथे साडेचार डेसिबल जातात. म्हणजे तुमच्या स्पीकरचा तोल साडेतीन डेसिबलहून जास्त बदलला, आणि तो बदल स्पीकर बनवणाऱ्याने ठरवलेला नाही. कोणाला तो गोडही वाटेल. पण तुम्ही जो आवाज ऐकून हे स्पीकर निवडलेत तो हा नसेल. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचं आउटपुट इम्पीडन्स ०.०५ ओहम धरलं तर हाच फरक जेमतेम ०.१३ डेसिबल भरतो.

जेवढे स्पीकरला तेवढेच अ‍ॅम्पला, या नियमाला कुठलाही तांत्रिक आधार नाही, हे मी ठामपणे सांगतो. आवाज घडवण्यात सर्वांत मोठा वाटा स्पीकरचा आणि खोलीचा असतो. चांगला स्पीकरही वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सींना दोन-तीन डेसिबल वरखाली होतो, खोली तर खर्जात दहा-दहा डेसिबलचे डोंगर आणि दऱ्या उभ्या करते. नीट बनवलेला अ‍ॅम्प मर्यादेत असेपर्यंत अर्ध्या डेसिबलच्या आत सरळ राहतो. १९८५ मध्ये बॉब कार्व्हर या अमेरिकन डिझायनरने ‘स्टीरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांचं आव्हान घेतलं होतं: आपला स्वस्तातला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प फेरफार करून त्यांच्या पसंतीच्या महागड्या अ‍ॅम्पसारखा वाजवायचा. त्याने दोन्हींच्या आउटपुटमधला फरक मोजत मोजत तो जवळपास नाहीसा केला, आणि संपादकांना दोन्ही अ‍ॅम्प वेगळे ओळखता आले नाहीत. मर्यादेच्या आत अ‍ॅम्पचा ‘स्वभाव’ मोजता येण्याजोग्या थोड्या गोष्टींतून येतो, किमतीतून येत नाही. मर्यादेबाहेर मात्र प्रत्येक अ‍ॅम्प वाईटच वाजतो, आणि तुमचं दुखणं तिथलं आहे.

तर घ्यायचं काय?

पहिला रस्ता, जो मी स्वतः आधी तपासला असता: तुमच्या रिसीव्हरच्या मागे ‘प्री-आउट’ लिहिलेले सॉकेट आहेत का ते पाहा. असतील तर रिसीव्हर फक्त प्रीअ‍ॅम्प म्हणून वापरा आणि सगळे पैसे एका दोन चॅनेलच्या पॉवर अ‍ॅम्पमध्ये घाला. व्हॉल्यूम, रिमोट, इनपुट, खोलीनुसार आवाज दुरुस्त करण्याची सोय असेल तर तीही, हे सगळं तुमच्याकडे आहेच. त्याचे पैसे दुसऱ्यांदा देऊ नका. जड काम गेल्यावर रिसीव्हर थंडही राहील.

पॉवर अ‍ॅम्प म्हणून या बजेटमध्ये आज क्लास डीला (ट्रान्झिस्टर अतिवेगाने चालू-बंद करून चालणाऱ्या प्रकाराला) तोड नाही, निदान करंटच्या बाबतीत. हायपेक्स, प्युरीफाय आणि आइसपॉवर या कंपन्या तयार मॉड्यूल बनवतात आणि अनेक छोटे-मोठे उत्पादक ती पेटीत बसवून विकतात. हायपेक्सच्या एनकोअर किंवा प्युरीफायच्या मॉड्यूलमध्ये फीडबॅक आउटपुट फिल्टरनंतर घेतलेला असतो, त्यामुळे स्पीकर ३ ओहमचा असो की ३० चा, आवाजाचा तोल हलत नाही. क्लास डीबद्दल ‘वरचा आवाज बोचरा’ अशी जी जुनी तक्रार आहे तिचं एक खरं कारण हेच होतं: फिल्टर फीडबॅकच्या बाहेर असला की ट्रेबल स्पीकरच्या इम्पीडन्सप्रमाणे चढतो किंवा उतरतो. टीपीए३२५५ चिपवरचे तळहाताएवढे अ‍ॅम्प घेताना म्हणून सावध राहा. चिप चांगली आहे, पण तिचा ३०० वॉटच्या वरचा गाजलेला आकडा ४ ओहमला, १० टक्के डिस्टॉर्शनचा आहे, आणि सोबत मिळणारा अ‍ॅडाप्टर तेवढी वीज पुरवूच शकत नाही. ४८ व्होल्ट, ५ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर म्हणजे दोन्ही चॅनेल मिळून २४० वॉट, तेही नुकसान न धरता. फिल्टरनंतर फीडबॅक घेतलेला आणि मोठ्या अ‍ॅडाप्टरचा असेल तर तुमच्या खोलीत तोही निभावून नेईल. तरी माझी पसंती मॉड्यूलवाल्या अ‍ॅम्पला.

दुसरा रस्ता वापरलेल्या क्लास एबी, म्हणजे पारंपरिक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा. तुम्ही स्पीकर वापरलेले घेतलेत, म्हणजे या वाटेची तुम्हाला भीती नाही. इथे वजन हा कच्चा पण उपयोगी निकष आहे. क्लास एबीत करंट मोठ्या ट्रान्सफॉर्मरमधून, जाडजूड कपॅसिटरमधून आणि हीटसिंकमधून येतो, आणि या तिन्ही गोष्टी जड असतात. (क्लास डीला हा निकष लावू नका, त्यांचे स्विचिंग सप्लाय हलकेच असतात.) १९७८ च्या एनएडी ३०२० ची गोष्ट अजून सांगितली जाते ती याचसाठी. कागदावर तो २० वॉटचा, म्हणजे तेव्हाही लहानच, पण बियॉर्न एरिक एडवर्डसन या डिझायनरने त्याला ४ आणि २ ओहमला क्षणभर त्याच्या कितीतरी पट देता येईल असा घडवला होता. त्याने असे स्पीकर चालवले जे चालवताना मोठ्या आकड्यांचे अ‍ॅम्प धापा टाकत होते. तुम्हाला ३०२० पुरणार नाही, पण त्याच विचाराने बनवलेले, ६०-१०० वॉटचे, जड, साधे, दोन चॅनेलचे अ‍ॅम्प गेल्या वीस-तीस वर्षांत भरपूर निघालेत.

स्टेज आणि सभागृहांसाठीचे पॉवर अ‍ॅम्पही स्वस्तात खूप वॉट देतात आणि त्यातले बरेचसे २ ओहमलाही बनवलेले असतात. पण त्यांच्यात बहुधा पंखा असतो. मंद संगीत ऐकताना तो ऐकू येतो, आणि तुम्ही पियानो ऐकता. मी टाळेन.

काही गोष्टी करू नका. रिसीव्हरच्या मेनूत ‘४ ओहम’ अशी सेटिंग असते, तिने करंट वाढत नाही. बहुतेक रिसीव्हर आतलं व्होल्टेज कमी करून उष्णता वाचवतात, आणि क्लिपिंग आणखी लवकर येतं. स्टीरिओ अ‍ॅम्प ब्रिज करून (दोन्ही चॅनेल एकाच स्पीकरला जोडून) मोनो चालवायचा सल्ला कोणी देईल, तोही तुमच्यासाठी घातक आहे: ब्रिज केल्यावर प्रत्येक अर्ध्या भागाला स्पीकर अर्ध्या इम्पीडन्सचा दिसतो, म्हणजे तुमचा २.९ चा दीडच्या खाली. रिसीव्हरचे रिकामे चॅनेल लावून, म्हणजे वूफर आणि ट्वीटरला वेगळे चॅनेल देऊन, बाय-अ‍ॅम्पिंग केल्यानेही ट्रान्सफॉर्मर तोच राहतो. आणि वायरवर खर्च करू नका. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीला ३ मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन ०.०४ ओहम रोध भरतो. तेवढी पुरे.

घरी दोन अ‍ॅम्प लावून तुलना करायची संधी मिळाली तर आवाज कानाने जुळवू नका. जो अर्ध्या डेसिबलने मोठा असतो तो कानाला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो, आणि बहुतेक मतं इथेच ठरतात. १०० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजा आणि दोन्ही अ‍ॅम्पचं एक टक्क्याच्या आत जुळवा. मग ज्यावर रिसीव्हर बंद पडला तोच ऑर्केस्ट्राचा तुकडा लावा, नेहमीच्या आवाजात, आणि पूर्ण चढू द्या. गाण्यावर तुलना करून तुम्हाला काही कळणार नाही. तिथे अर्धा वॉटच चाललेला असतो. अर्ध्या तासाने अ‍ॅम्पवर हात ठेवून पाहा. हात ठेवता आला पाहिजे.

वापरलेला अ‍ॅम्प घेणार असाल तर तुमचे स्पीकर त्याला लगेच जोडू नका. आधी नुसता चालू करा, इनपुट रिकामं ठेवा, आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावा. ५० च्या आत असेल आणि वीस मिनिटांनी गरम झाल्यावरही तसाच राहिला तर पुढे जा. शेकडो मिलिव्होल्ट दिसले तर तो अ‍ॅम्प दुरुस्तीशिवाय घेऊ नका, कारण तो डीसी थेट वूफरच्या कॉइलमध्ये जातो. त्यानंतर एखादा स्वस्तातला स्पीकर जोडून व्हॉल्यूमचं बटण फिरवा, बॅलन्स दोन्हीकडे न्या. बटण फिरवताना खरखर झाली तर साफसफाईने जाते. एक चॅनेल मधूनच मंद होऊन आवाज वाढवल्यावर परत येत असेल तर आउटपुट रिलेचे संपर्क काळे पडलेत. रिले बदलणं स्वस्त असतं, किंमत ठरवताना ते सांगा. कान ट्वीटरजवळ नेऊन घरघर किती येते तेही ऐका. सप्लायचे मोठे कपॅसिटर फुगलेले किंवा बुडाशी ओलसर दिसले तर त्यांचं आयुष्य संपलंय. हे सगळं ठीक निघालं की मगच तुमचे स्पीकर त्याला जोडा.